यंत्रांच्या बाजारातला लिलाव

बाजार समितीच्या आवारातला लिलाव आपल्याला नवा नाही. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी रीत मागे पडली आणि उघड बोलीचा नियम आला. माल तोच, व्यापारी तेच, अडतेही तेच. बदलला तो नियम. पण त्यामुळे शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव स्वतःच्या कानांनी ऐकू येऊ लागला. संगणकांच्या जगातही असाच एक बाजार उभा राहिला आहे. तिथे अड्त्याचे काम आज्ञावल्या करतात, म्हणजे ज्यांना आपण प्रोग्राम म्हणतो त्या. त्या बाजाराचा नियम कसा घडला, ते आज पाहू.

आरंभ साधाच आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पी.डी.पी.-१ नावाचा संगणक होता. यंत्र एक आणि वापरणारे पुष्कळ! मग वेळेचा लिलाव सुरू झाला. कामाचे महत्त्व पाहून प्रत्येकाला ‘येन’ नावाचे लुटुपुटीचे चलन द्यायचे आणि त्याने हव्या त्या वेळेवर बोली लावायची. सोयीच्या वेळेचा भाव चढे, अडनिडी वेळ स्वस्तात मिळे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली ही पद्धत प्रसिद्ध केली.

इथे बोली लावणारी माणसे होती. पुढे हे काम आज्ञावल्यांकडे गेले आणि खरा पेच पडला. साऱ्या आज्ञावल्या एकाच धन्याच्या असतील, तर त्या एकमेकींना कशाला फसवतील? पण धनी निरनिराळे असले, म्हणजे जी ती आपल्या धन्याचे हित पाहणार. मग त्यांना खरे बोलायला लावायचे कसे?

उत्तर अर्थशास्त्रात आधीच तयार होते. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली डावपेचांच्या गणिताचा पाया घातला होता. त्यावर पुढे १९६१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम विकरी यांनी बंद पाकिटातल्या बोलीचा एक नियम तपासला: माल सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला द्यावा, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच घ्यावेत. समजा, एखादी वस्तू तुम्हाला ५०० रुपयांची वाटते. तुम्ही ६०० लिहिले आणि दुसऱ्याने ५५०, तर ५० रुपये तोटा. उलट तुम्ही ४०० लिहिले आणि दुसऱ्याने ४५०, तर ५० रुपयांचा फायदा हातचा गेला. म्हणजे खरा आकडा लिहिण्यातच शहाणपण! १९९२ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी ‘स्पॉन’ नावाची रचना मांडली. तीत रिकाम्या संगणकांचा वेळ आज्ञावल्या ह्याच नियमाने विकत घेत.

नियम चुकला तर काय होते, तेही दिसले. १९९८ च्या सुमारास ‘गोटू’ ह्या अमेरिकन कंपनीने जाहिरातींच्या जागा लिलावात विकल्या, पण ज्याची बोली त्याला तेवढेच पैसे पडत. मग आज्ञावल्या दिवसभर एकमेकींवर एकेका सेंटने चढत, आणि परवडेनासे झाले की धाडकन खाली येत. हा खेळ पुन्हा पुन्हा चाले. गूगलने २००२ मध्ये खालच्या बोलीवर किंमत बेतण्याची रीत घेतली, तेव्हा ह्या चढाओढीचे कारणच उरले नाही. तरी अनेक जागा एकदम विकताना ही रीतही पुरेपूर खरे बोलायला लावत नाही, हे एडलमन, ऑस्ट्रोव्हस्की आणि श्वार्झ यांनी २००७ साली दाखवून दिले.

आणखी एक धोका आहे. दुसरी बोली लिलाव पुकारणाऱ्यानेच खोटी घुसवली तर? बंद पाकिटे मोजतो तोच ना! म्हणजे बोली लावणारे यंत्र झाले, तरी नियम करणारा आणि हिशेब ठेवणारा माणूसच राहतो. शिक्षकबंधूंनी ५०० रुपयांचे ते उदाहरण वर्गात मुलांकडून खेळवून घ्यावे. नियम बदलला की वागणूक कशी बदलते, ते मुलांना आपल्या डोळ्यांनी दिसेल. आणि आपल्या मालाची वा वेळेची किंमत एखादे यंत्र ठरवत असेल, तेव्हा तिथला नियम काय, तो कोणी केला आणि बोल्या कोण तपासतो, हे विचारण्याची सवय त्यांना लागेल.