अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय : नाव आणि प्रवेश

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई निजामी अमदानीत मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई. तेथील योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले होते. १९७४ साली तेथे स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांचेच नाव धारण करते. त्या नावातील 'ग्रामीण' हे विशेषण विचार करण्याजोगे आहे. महाविद्यालय कोठे आहे, एवढे ते सांगते. कोणासाठी आहे, हे सांगत नाही. तो निर्णय प्रवेशनियमांवर सोपविला गेला.

अखिल भारतीय वाटा वगळता ७० टक्के जागा त्या त्या विभागाला व ३० टक्के राज्यभरासाठी, अशी वाटणी महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. मागास विभागाचे हे कवच, असे प्रथमदर्शनी वाटे. परंतु मराठवाड्यात महाविद्यालयेच थोडी. साहजिकच अन्य विभागांत प्रवेशास पुरेसे ठरणारे गुण मिळवूनही येथील विद्यार्थ्याचा प्रवेश हुके. आणि शासकीय जागा हुकली की खाजगी महाविद्यालयाचे शुल्क कोरडवाहू शेतकऱ्यास कोठून झेपणार? सप्टेंबर २०२० मध्ये ही वाटणी रद्द झाली. तेव्हापासून अंबाजोगाईच्या जागांवर मुंबई-पुण्याचा विद्यार्थी हक्क सांगू शकतो, आणि तेथील जागांवर बीडचाही.