स्वमग्न मुलाचे घरचे शिक्षण : पालकांनी काय लक्षात ठेवावे?

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम हा मेंदूच्या विकासातील वेगळेपणा आहे. तो पालकांच्या संगोपनामुळे होत नाही आणि औषधाने ‘बरा’ होत नाही. शाळेतला गोंगाट मुलाला सोसत नाही, किंवा शाळा त्याला सामावून घेत नाही, तेव्हा काही पालक घरी शिकवायचे ठरवतात.

ध्येय काय असावे?

आपल्याकडे शिक्षण म्हटले की ‘लातूर पॅटर्न’ आणि गुण आठवतात. स्वमग्न मुलासाठी हे माप पुरे पडत नाही. तहान लागली, दुखते, नको हे सांगता येणे आणि स्वतः कपडे घालता येणे हेही शिक्षणच. अक्षरे-अंक त्याच्या जोडीने शिकवावेत. काही मुले अभ्यासातही पुढे जातात. त्यांना अडवू नये.

कसे शिकवावे?

• दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा. पुढे काय होणार हे कळले की अस्वस्थता कमी होते.
• आवडीतून शिकवा. एसटीचे वेड असेल तर नांदेड ते लातूर मार्गावरील लोहा, अहमदपूर, चाकूर ही नावे वाचून घ्या, तिकिटाचे पैसे मोजून घ्या.
• मूल बोलत नसेल तर चित्रकार्डे वापरा. त्याने बोलणे थांबत नाही.
• नजरेला नजर देण्याची सक्ती करू नका. थोडा वेळ शिकवा, मग विश्रांती द्या.

तुमचे हक्क

शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 मधील दुरुस्तीनुसार तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास 6 ते 18 वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षाही देता येते. प्रमाणपत्रासाठी शासकीय रुग्णालयात चौकशी करा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

येणारे शब्द बंद झाले, झटके आले, झोप मोडली, किंवा मूल अचानक स्वतःला मारू लागले तर थांबू नका. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता अशी कारणे मूल सांगू शकत नाही. श्रवण तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

घरी शिकवणे म्हणजे घरात कोंडणे नव्हे. बाजार, बाग, नातेवाईक, इतर मुले यांची सवय हळूहळू लावा. सगळा भार एकट्या आईवर टाकू नका. ती थकली तर शिकवणेही थांबते.