चतुःसीमा आणि दलाल

पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात एखाद्या गृहस्थाने राहते घर विकत घ्यावयाचे मनात आणले, तर त्याला कोणा दलालाचे उंबरठे झिजवावे लागत नसत. आणि ह्याचे कारण तो काळ आजच्याहून अधिक सचोटीचा होता असे मुळीच नसून, घराची खरेदीविक्री हा त्या काळी आळीच्या, जातगोताच्या आणि सरकारच्या देखत उरकावयाचा व्यवहार होता, हे होय. कोणाचे घर विकावयास निघाले आहे, कोणत्या सावकाराच्या तगाद्यामुळे निघाले आहे, भाऊबंदांपैकी कोण अडून बसला आहे, ह्या गोष्टी आडावर आणि देवळाच्या पारावर अगोदरच चघळून झालेल्या असत. ज्या बातमीसाठी आज आपण मध्यस्थाला पैसे मोजतो, ती बातमी तेथे फुकट मिळे. शहराच्या कोतवालाकडे रस्ते, बोळ आणि घरे ह्यांविषयीचे तंटे तोडण्याचे काम असे, आणि जागांच्या विक्रीवरही त्याची नजर असे. ज्याच्या नावाने कोतवाली आजवर बदनाम होऊन राहिली आहे तो घाशीराम १७७७ पासून १७९१ पर्यंत ह्याच अधिकारावर होता, हे त्याच्या इतर कीर्तीमुळे आपण विसरतो.

त्या काळचे एखादे खरेदीखत उलगडून पाहिले म्हणजे ह्या उघडेपणाची कल्पना येते. आरंभी शके, संवत्सर, मास आणि तिथी. मग विकणाऱ्याने आपण राजीखुशीने, कोणाच्या दाबाखाली न येता, वंशपरंपरेचा हक्क सोडून देत असल्याची कबुली. मग जागेची लांबीरुंदी गज आणि तसूंत. आणि त्यानंतर जो भाग लेखकाने सर्वांत मन लावून लिहिलेला असतो, ती चतुःसीमा. पूर्वेस कोणाची भिंत, दक्षिणेस कोणता बोळ, पश्चिमेकडील भिंत सामाईक की खासगी, पावसाळ्यात पागोळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडावयाचे, परसातल्या आडावर कोणी घागर बुडवावयाची, ह्याचा तपशील तेथे येतो, आणि शेवटी साक्षी म्हणून बहुधा तेच शेजारी उभे असतात ज्यांच्या भिंती वर सांगितलेल्या असतात. गावगाड्यात तर पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी काढी. ही रचना मोठी चतुर होती. ज्याने उद्या हरकत घ्यावयाची त्यालाच आज साक्षीला बसविले की हरकतीचे तोंड आपोआप बंद होते. अर्थात ह्या उघडेपणाची दुसरी बाजूही होती. आळीने ज्याला नाकारले त्याला त्या आळीत घर मिळणे नव्हते, आणि ज्याची जात साक्षीदारांना मानवत नसे त्याने गावकुसाबाहेर राहावे हाच न्याय होता. जुन्या व्यवस्थेची स्तुती करताना एवढे तरी ध्यानात ठेवावे.

दलाल त्या काळी नव्हता असे मात्र नाही. घोडे, जवाहीर, कापड, धान्य ह्यांच्या बाजारात तो होताच. विकणारा आणि घेणारा ह्यांच्या हातांवर रुमाल टाकून, आतल्या आत बोटे दाबून भाव ठरविण्याची जी रीत होती ती त्याचीच. भाव इतरांना कळू नये हा त्या रुमालाचा हेतू. घराच्या व्यवहारात तो रुमाल शिरला तो मुंबईत.

मुंबईत ते घडणे अपरिहार्य होते. जे शहर गुजरात, कोकण, घाट, कच्छ आणि इराण अशा नाना दिशांनी आलेल्या माणसांनी भरले, तेथे विकणाऱ्याचा आजा कोण होता हे घेणाऱ्याला कोठून माहीत असावे? त्यात जमिनीच्या हक्कांचाही गुंता होता. फोरास, टोका, पेन्शन अँड टॅक्स अशा नावांच्या धारापद्धती एकाच बेटावर शेजारी शेजारी नांदत होत्या. साक्षीदारांची जागा घेण्यासाठी इंग्रजांनी कागद उभे केले. कर्नल लॉटन ह्यांच्या देखरेखीखाली १८६५ ते १८७२ ह्या काळात शहराची तपशीलवार मोजणी झाली, दस्तनोंदणीचे कायदे एकामागून एक आले, १८८२ साली मालमत्ता हस्तांतराचा कायदा झाला. परंतु कागद वाचावयास वकील लागतो, आणि कागद कोठे आहे हे सांगावयास दुसराच कोणी लागतो. तशातच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या पैशाचा पूर आला आणि १८६५ पर्यंत जी सट्टेबाजी चालली, तिच्यात समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. जी जमीन अजून पाण्याखाली होती तिचीदेखील दलाली होऊ शकते, हा धडा मुंबईने तेव्हा घेतला तो कायमचा.

गिरणगावच्या चाळींत मात्र दलाल बराच काळ पोचला नाही. तेथे खोली मिळे ती गाववाल्याच्या ओळखीने किंवा ज्याने नोकरी लावली त्या जॉबरच्या शब्दाने, आणि त्या शब्दाची परतफेड निराळ्या मार्गांनी आयुष्यभर होत राही. १८९६ च्या प्लेगने ह्या वस्तीची दशा सरकारच्या नजरेस आणली, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या शेतवाडीत आखीव रस्ते पडले. १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तिच्यात जुने गोत आणि नवा सहकारी कायदा ह्यांचा संगम झाला होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी दादरला आणि माटुंग्याला ‘टू लेट’च्या पाट्या लोंबकळत असत, आणि घरमालकच भाडेकरूची मनधरणी करी, अशी आठवण जुनी माणसे सांगत आली आहेत. आजच्या मुंबईकराला ती पुराणातली कथा वाटते.

युद्धाने हे चित्र पालटले. माणसांचे लोंढे आले, सिमेंट-लोखंड मिळेनासे झाले, आणि भाड्यांना आवर घालण्यासाठी सरकारने निर्बंध आणले, त्यांची परिणती १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात झाली. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभाडे म्हणून बहुतेक गोठविले गेले. कायदा लोकांच्या कळवळ्याने झाला होता आणि त्याने लक्षावधी कुटुंबांना छप्पर राखून दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ज्या खोलीचे कायदेशीर भाडे दहा रुपये आणि बाजारातील मोल त्याच्या कित्येक पट, त्या खोलीच्या दोन किमतींमधील अंतरात कोणी ना कोणी वस्ती करणारच. त्या अंतराचे नाव पागडी.

घरमालकाने किंवा भाडेकरूने पागडी घेणे ह्याच कायद्याच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या कलमांनी गुन्हा ठरविले होते. मालकाच्या परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणेही निषिद्ध होते. तरीही गिरगावात, लालबागेत, भुलेश्वरात खोल्या हस्तांतरित होतच राहिल्या, आणि त्या कशा होत ते पाहण्यासारखे आहे. सोडणारा भाडेकरू, घेणारा भाडेकरू, घरमालकाचा मेहताजी आणि दलाल असे चौघे जवळच्या इराण्याकडे संगमरवरी टेबलाभोवती बसत. रक्कम रोख, पावती नाही, लेख नाही. तिचा सुमारे तिसरा हिस्सा मालकाचा, हा अलिखित दस्तूर, आणि दलालाची दलाली निराळी. रक्कम मोजून झाली की मेहताजी पुस्तकातून नवी भाडेपावती फाडून नव्या नावाने लिही, आणि ती वीतभर पावती हाच काय तो घेणाऱ्याचा मालकीचा, आणि खरे म्हणजे मालकीचा नव्हे तर वहिवाटीचा, पुरावा असे. उद्या मालक फिरला, सोडणाऱ्याने तीच खोली दोघांना दिली, किंवा मेहताजीने पावती द्यावयास टाळाटाळ केली, तर कोर्टात जाणार कसे? तक्रार करणाराच गुन्हेगार. अशा व्यवहारात फक्त एकाच माणसाच्या जबानीला किंमत होती, आणि तो माणूस म्हणजे दलाल, ज्याला उद्याही त्याच गल्लीत धंदा करावयाचा असल्यामुळे आज शब्द मोडणे परवडत नव्हते.

म्हणून माझे मत असे की, मुंबईचा घरांचा दलाल हा लोभाचे अपत्य म्हणून जेवढा हिणवला जातो, तेवढाच तो कायद्याचे अपत्य आहे. ज्या कायद्याने व्यवहार चोरून करावयास लावला, त्यानेच चोरव्यवहाराचा विश्वस्त निर्माण केला. पुण्याच्या खरेदीखतात साक्षी म्हणून जे काम अख्खी आळी करी, ते येथे एका माणसाच्या स्मरणशक्तीवर येऊन ठेपले. फरक एवढाच, की आळी उघडपणे साक्ष देई आणि हा मौनाची दलाली घेई.

पुढे मालकीहक्काच्या सदनिका आल्या. मोक्याची जागा घेऊन, कागदावरील नकाशा दाखवून, पायाही खणला नसताना पैसे उचलणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, आणि १९६३ साली महाराष्ट्राने सदनिकांच्या मालकीविषयी स्वतंत्र कायदा केला. करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या एक पंचमांशाहून अधिक आगाऊ रक्कम घेऊ नये, सदनिकाधारकांची संस्था स्थापून जमीन तिच्या नावे करून द्यावी, अशी त्याची मुख्य कलमे. त्यांतले दुसरे पाळण्याचे अनेक बांधकाम व्यावसायिक आजही विसरतात. पुण्यात ह्याच सुमारास, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतील वाडे वाहून गेले, आणि पूरग्रस्तांच्या वसाहतींनी शहराला गावाबाहेर ढकलले. वाड्यातून सदनिकेत जाण्याचा पुणेकरांचा प्रवास बराचसा तेथून सुरू झाला.

भाड्याच्या घरांची गोष्ट आणखी चमत्कारिक. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे कोणी परवानाधारक म्हणून घरात राहत होते, त्यांना कायद्याच्या दुरुस्तीने संरक्षित भाडेकरू करून टाकले. ज्याचे घर गेले त्याचे उदाहरण पाहून बाकीच्यांनी कुलपे घातली. मग अकरा महिन्यांचा करार आला, कारण वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती आणि त्याआतला कागद सर्वांच्या सोयीचा होता. दलालाला ह्यात वर्षासनच मिळाले. दर अकरा महिन्यांनी तोच भाडेकरू, तेच घर आणि नवी दलाली. हाच तो काळ, ज्यात दलाल ‘इस्टेट एजंट’ झाला, दादर-पार्ल्याच्या जिन्याखाली त्याने लाकडी टेबल आणि टेलिफोन मांडला, आणि ग्राहकाला पहिला प्रश्न खोल्या किती हव्यात असा न विचारता आडनाव काय असा विचारू लागला. कोणत्या संस्थेत मांसाहारी चालत नाही, कोठे मुसलमानाला घर देत नाहीत, कोठे एकट्या बाईला, हे सारे त्याच्या डोक्यात असे आणि कोठल्याही कागदावर नसे. जुन्या आळीचा नकारही अशा रीतीने त्याच्याकडेच वारसाहक्काने आला.

१९७७ साली हसमुखभाई पारेख ह्यांनी घरकर्जाची एचडीएफसी काढली, आणि पगारदार माणसाच्या खरेदीत कर्ज देणारी संस्था हा नवा साक्षीदार शिरला. तिला तीस वर्षांचा शोध-अहवाल हवा, वर्तमानपत्रात चौदा दिवसांच्या मुदतीची जाहीर नोटीस हवी, मिळकत पत्रिका, भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेचा ना-हरकत दाखला हवा. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मिळणारी दुसऱ्या क्रमांकाची सूची, जिला सगळेजण ‘इंडेक्स टू’ म्हणतात, ती चाळली तर तिच्यात घेणारा, देणारा, मोबदला, जागेचे वर्णन असे सारे ओळीने सापडते. चतुःसीमेचाच तो आटोपशीर वंशज म्हणावयाचा. फक्त मोबदल्याच्या रकान्यात जो आकडा पडे तो खरा असेलच असे नव्हते, आणि उरलेल्या रकमेचा रुमाल पुन्हा दलालाच्याच हाती असे.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला, दोन गोष्टी केल्या. छप्पन्नाव्या कलमाने पागडी एकदाची कायदेशीर झाली आणि पंचावन्नाव्या कलमाने भाड्याचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकावर आली. पन्नास वर्षे गुन्हा असलेली गोष्ट एका रात्रीत रीतसर झाली, तरी इराण्याच्या टेबलावर तिसऱ्या हिश्श्याची भाषा तीच राहिली. पुढे केंद्राचा २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला, १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचे काम सुरू झाले, आगाऊ रकमेची मर्यादा एक दशांशावर आली, आणि जिन्याखाली बसलेल्या दलालाला प्रथमच नोंदणी क्रमांक मिळाला. २०२३ पासून तर त्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणेही भाग पडले आहे.

हे स्वागतार्हच आहे. पण कायद्याचा हात महारेराकडे नोंदविलेल्या प्रकल्पांपर्यंतच पोचतो. गिरगावातली पागडीची खोली, चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतील पुनर्विक्रीची सदनिका, विद्यार्थ्याला अकरा महिन्यांसाठी हवे असलेले घर, हे सौदे त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि तेथे दलालाला ना क्रमांकाची गरज, ना परीक्षेची. दलालीचे दोन टक्के कोणी द्यावयाचे, एकाने की दोघांनी, हे तेथे अजून तोंडीच ठरते.