एका गोळीचें पूर्वचरित्र

मधुमेहावरील गोळीनें मूत्रपिंडें बिघडतात, हा समज आपल्या समाजांत इतका दृढ झाला आहे कीं, त्यापायीं कित्येक रोगी मेटफॉर्मिन परस्पर बंद करतात. उलट, ही गोळी मुळांत वनस्पतीपासून निघाली म्हणून ती सर्वथा निर्धोक, असें मानणारेही आम्हीं पाहिले आहेत. या दोघांसही तिच्या इतिहासांतच उत्तर मिळतें.

गालेगा ही युरोपांतील एक रानवनस्पति. ती पोटभर खाल्ल्यास मेंढ्या मरतात. तिच्यांतील द्रव्य ग्वानिडीन वर्गाचें. ग्वानिडिनानें रक्तांतील साखर उतरते असें १९१८ सालीं प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलें. पण विषारीपणामुळें तें निरुपयोगी ठरलें. १९२२ सालीं डब्लिन येथें वर्नर व बेल यांनीं त्याच कुळांतील मेटफॉर्मिन तयार केलें. परंतु तो काळ टोरोंटोच्या इन्सुलिनाच्या जयजयकाराचा. या नवजात द्रव्याकडे कोण पाहतो! पुढें तब्बल पस्तीस वर्षांनीं, १९५७ सालीं, फ्रान्समधील डॉ. झाँ स्टर्न यांनीं तें रोग्यांस दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला.

त्याच सुमारास त्याचें अधिक जोरकस भावंड फेनफॉर्मिन अमेरिकेंत लोकप्रिय झालें. पण त्यानें रक्तांत लॅक्टिक आम्ल सांचून रोगी दगावूं लागले, आणि १९७७ सालीं तेथील सरकारनें त्याची सामान्य विक्री थांबविली. भारतांत बंदी येण्यास २००३ साल उजाडलें. भावंडाचा हा डाग मेटफॉर्मिनासही लागला. अमेरिकेनें त्यास १९९४ पर्यंत दार उघडलें नाहीं. १९९८ सालीं ब्रिटनमधील एका दीर्घ अभ्यासांत स्थूल रोग्यांचे मृत्यु त्यानें कमी झाल्याचें दिसलें, आणि मग त्याची प्रतिष्ठा वाढली.

मग खरा धोका कोणता? मेटफॉर्मिन शरीरांत मोडत नाहीं. तें जसेंच्या तसें मूत्रावाटे बाहेर पडतें. म्हणजे गोळी मूत्रपिंडें बिघडवीत नाहीं. मूत्रपिंडें बिघडलीं तर गोळी अंगांत सांचते! म्हणूनच वैद्य मूत्रपिंडांची नियमित तपासणी सांगतात, आणि त्यांची गाळण्याची शक्ति मिनिटास ३० मिलिलिटरांखालीं गेली तर ती देत नाहींत. आरंभीं मात्रा थोडी, तीही जेवणाबरोबर. वांत्या-जुलाबांनीं शरीर शुष्क झालें तर वैद्यास विचारून कांहीं दिवस विराम. आणि वर्षानुवर्षें घेणारानें ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी, एवढी दक्षता पुरे.

फेनफॉर्मिनाचे बळी आम्हांस हेंच शिकवितात. औषधास भिऊन तें टाकणें आणि विश्वासून तें विसरणें, हीं दोन्ही सारखींच घातक आहेत.