वस्त्राचा रंग आणि छायाचित्राची साक्ष

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय वेषभूषेचा अभ्यास करू लागणाऱ्यास लेखी साधनांच्या जोडीला छायाचित्रांकडे वळावेच लागते. मुंबईतील निरनिराळ्या ज्ञातिजमातींच्या छायाचित्रांचा जो संग्रह विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला, तो या प्रकारच्या साधनांपैकी एक प्रमुख साधन होय. त्यातील माणसांची छायाचित्रे निराळी घेऊन ती दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसविलेली आहेत, ही गोष्ट अभ्यासकांना परिचित आहे. म्हणून मागील देऊळ अथवा समुद्रकिनारा पाहून कोणी त्यावरून निष्कर्ष काढीत नाही. परंतु पार्श्वभूमीविषयी बाळगली जाणारी ही सावधगिरी वस्त्राच्या वर्णाविषयी मात्र सुटण्याचा संभव असतो. चित्रातील लुगडे काळे दिसले, की ते चंद्रकळा ठरविण्याचा मोह होतो. ते लुगडे वस्तुतः कुंकवासारखे लाल असणे अगदी शक्य आहे.

याचे कारण त्या काळच्या काचेत आहे. १८५१ नंतर प्रचारात आलेली ओली कलोडियनची काच जांभळ्या व निळ्या किरणांनाच काय ती जागी होत असे. हिरव्याला ती जवळजवळ व लालाला सर्वस्वी आंधळी होती. साहजिकच तांबडे, केशरी, पिवळे व बहुतेक हिरवे रंग छायाचित्रात काळवंडत आणि फिका निळा रंग पांढऱ्याशी स्पर्धा करी. काळ्या चंद्रकळेचा तांबडा काठ अशा चित्रात अंगाच्या रंगात बुडून जाणार. निळीत हलके बुडविलेले वस्त्र धुवट पांढरे भासणार. हळदीचा पिवळा आणि मंजिष्ठाचा लाल यांत भेद उरणार नाही. एखाद्या ज्ञातीत अमुक काळी काळ्या लुगड्यांचे प्रमाण किती होते याची गणना छायाचित्रांवरून करू गेल्यास ती गणना रंगांची न होता काचेच्या दृष्टिदोषाची होईल.

याच वर्षांत लंडनमध्ये याहून सर्वस्वी निराळा मार्ग अवलंबिला गेला. इंडिया म्युझियमचे प्रमुख जॉन फोर्ब्ज वॉटसन यांनी १८६६ साली भारतीय कापडाचे नमुने अठरा खंडांत एकत्र केले. या खंडांत चित्रे चिकटविलेली नाहीत. प्रत्यक्ष कापडाचे सातशे तुकडे चिकटविलेले आहेत. अशा वीस प्रती तयार झाल्या. तेरा ब्रिटनमध्ये राहिल्या व सात भारतात आल्या. म्हणजे कात्रीखाली सुमारे चौदा हजार तुकडे गेले. पागोटी, लुगडी, उपरणी यांची ही कत्तल आजच्या संग्रहपालास असह्य वाटावी. परंतु हेतू संग्रहाचा नव्हताच. भारतीय गिऱ्हाइकाला काय रुचते हे तेथील गिरणीवाल्यांना कळावे व त्याबरहुकूम माल निघावा, हा व्यापारी हेतू स्पष्ट होता. तरीही त्यातील एक कबुली इतिहासकाराच्या उपयोगाची आहे. छायाचित्रण हाताशी असताना, आणि त्याच संस्थेचा छायाचित्रणाशी निकट संबंध असताना, पोत व रंग यांबाबत कापडाला कापडाखेरीज पर्याय नाही असे व्यवहाराने मान्य केले गेले.

मात्र कापड हाती आल्याने प्रश्न मिटतो असेही नाही. वस्त्राचा रंग हा एकट्या वस्त्राचा गुण नव्हे. वस्त्र, प्रकाश व डोळा या तिघांच्या व्यवहारातून तो उत्पन्न होतो. दुकानातील कापड पायरीवर आणून उजेडात धरणाऱ्या गिऱ्हाइकाला हे शास्त्र कोणी शिकविलेले नसते. युरोपात घरे व नाट्यगृहे ग्यासच्या दिव्यांनी उजळू लागली, तेव्हा रंगाऱ्यांपुढे ही अडचण उघडपणे उभी राहिली. दिवसा तजेलदार दिसणारी हिरवी रेशमे त्या पिवळट उजेडात निस्तेज पडत. १८६० नंतरच्या दशकात सिद्ध झालेला आल्डिहाइड हिरवा रंग दिव्याखालीही हिरवाच राही. सम्राज्ञी युजेनी त्या रंगाचे वस्त्र लेवून पॅरिसच्या ऑपेरात गेली आणि त्याला मागणी आली, अशी आठवण रंगांच्या इतिहासात सांगितली जाते.

यातून निघणारा दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. दोन निराळ्या रंजकांनी रंगविलेले दोन तुकडे दिवसा हुबेहूब जुळावेत आणि दिव्याखाली त्यांची फारकत व्हावी, असे घडते. प्रत्येक रंजक निरनिराळ्या लांबीच्या प्रकाशलहरी निरनिराळ्या प्रमाणात परत पाठवितो. डोळा त्या सर्वांची तीन बेरजांत वासलात लावीत असल्याने एका उजेडात दोन बेरजा योगायोगाने सारख्या येतात. उजेड बदलला की हिशेब बिघडतो. १८५६ साली शोधला गेलेला पर्किनचा जांभळा रंग व १८६९ पासून कृत्रिम अलिझारिन बाजारात आल्यानंतर एकाच छटेला अनेक रंजक उपलब्ध झाले व हे योगायोग वाढले. १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगाने दिव्याचा उजेड, ऊन व सर्वसाधारण दिवसाचा प्रकाश यांची प्रमाणे ठरविली, त्यामागे ही गरज होती.

छायाचित्रणाने या काळात मोठी मजल मारली, हे खरेच. बर्लिनच्या फोगेल याने १८७३ मध्ये रंजक मिसळून काचेला हिरव्याची जाणीव करून दिली; १९०६ पासून सर्व वर्ण टिपणाऱ्या काचा विक्रीस आल्या; १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंची बटाट्याच्या रंगीत पिष्टकणांवर आधारलेली ऑटोक्रोम काच आली. तिलाही निळ्याचे वेड इतके, की पुढे पिवळट-केशरी गाळणी लावल्यावाचून चालत नसे, आणि ती गाळणी दिवसाच्या प्रकाशासाठी एक व दिव्यासाठी दुसरी. १९३५ नंतरच्या कोडाक्रोमच्या फिल्मांतही हा भेद राहिला. एक उणीव मात्र मूळचीच आहे: फिल्म असो वा आजचा अंकीय कॅमेरा असो, तो ज्या बेरजा करतो त्या डोळ्याच्या बेरजा नव्हेत. काही निळी वस्त्रे डोळ्यास न जाणवणारा अतितांबडा प्रकाश भरपूर परत पाठवितात. फिल्मला तो जाणवला तर निळे वस्त्र चित्रात जांभळट-लालसर उतरते. चित्रात शेजारी रंगपट्टी ठेवून दुरुस्ती करण्याची प्रथा उपयुक्त आहे, परंतु ती दुरुस्ती पट्टीवरील रंगांपुरतीच खरी. वस्त्रातील रंजक निराळा असल्यास पट्टी बरोबर व वस्त्र चूक, असे चित्र निघू शकते.

पैठणीसारख्या रेशमातील धूपछाव हा याहून वेगळा विषय आहे, त्याची येथे गल्लत होऊ नये. तेथे ताणा व बाणा भिन्न रंगांचे असतात व पाहण्याचा कोन बदलल्याने छटा पालटते. उजेडाची जात तीच राहिली तरी हा पालट होतो. अशा वस्त्राचे एकच छायाचित्र म्हणजे अर्धीच नोंद होय.

विशेष असे, की जो दोष छायाचित्रकारास छळतो तोच इतिहासकाराच्या कामी येऊ शकतो. जुन्या शालूचा फाटका पदर नंतरच्या काळात रफू केला असेल, तर रफूगाराने धागा दिवसाच्या उजेडात जुळविलेला असणार. तोच पदर दिव्याखाली, अतिनील किरणांखाली व अतितांबड्या पट्ट्यात टिपला असता जोड वेगळा उमटण्याची शक्यता बरीच असते. अलीकडच्या धुलाईच्या पुडीतील शुभ्रकारक द्रव्य लागलेला भाग तर अतिनीलाखाली निळसर उजळतो. म्हणून वस्त्रसंग्रहातील छायाचित्राच्या नोंदीत वस्त्राच्या मापाइतकेच दिव्याचा प्रकार, काच, फिल्म वा कॅमेरा, आणि गाळणी यांनाही स्थान हवे. जॉन्सनच्या काळातील चित्रांच्या सूचीत ‘काळे लुगडे’ या शब्दांऐवजी ‘गडद लुगडे, वर्ण अनिश्चित’ एवढेच लिहिणे पुराव्यास धरून होईल. आणि कापडाचा एखादा समकालीन तुकडा कोठे उपलब्ध असेल, तर त्याचा निर्देश त्या नोंदीशेजारी करावा.