डिलाईल रोडची पागडी
गिरण्यांच्या भोंग्यांवर दिनक्रम बेतणाऱ्या डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, खासगी चाळीतील खोली हस्तांतरित होई ती बहुधा पागडीने, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी घेतलेल्या पैशाने; आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ती रक्कम घेणे अपराध ठरविल्यामुळे, कबज्याच्या ऐन आदल्या दिवशी कुजलेली तुळई वा खचलेली भिंत आढळली तरी, बिनपावतीच्या व्यवहारात खोली घेणाऱ्या त्या बापड्यास उघड फिर्याद करणे दुरापास्त असे. हा अन्याय मला दारुण वाटतो. कारण मालकीहक्काने घर घेणाऱ्यास १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने केव्हाच संरक्षण दिले होते: सहज न दिसणारा गंभीर दोष विक्रेत्याने उघड करावा, आणि करारापासून कबजा देईपर्यंत वास्तूची निगा त्यानेच राखावी. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने, ३१ मार्च २००० पासून.