अरबी भाषक स्वमग्न मुलांचे व्याकरणार्जन

अरबी भाषक स्वमग्न मुलांचे व्याकरणार्जन हा भाषाविज्ञान आणि वाचा-उपचार या क्षेत्रांतील अभ्यासविषय आहे. अरबी समाजात घरी स्थानिक बोली वापरतात, तर लेखन, शिक्षण व वृत्तप्रसारणासाठी प्रमाण अरबी (फुस्हा) वापरतात. अशा परिस्थितीत स्वमग्न मूल व्याकरण कसे आत्मसात करते, याचा विचार येथे होतो.

पार्श्वभूमी

लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे वर्णन करताना 'मी' आणि 'तू' या सर्वनामांची अदलाबदल व ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारणे ही लक्षणे नोंदवली. व्याकरणक्षमता मात्र सर्व स्वमग्न मुलांत सारखी नसते. काहींचे व्याकरण वयानुरूप असते, तर काहींना वाक्यरचना अवघड जाते. २०१३ च्या 'डीएसएम-५' या निदानपुस्तिकेत भाषिक दुर्बलतेची नोंद स्वमग्नतेच्या निदानासोबत स्वतंत्रपणे केली जाते.

अरबी व्याकरणाचे स्वरूप

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. 'क-त-ब' पासून कतबा (त्याने लिहिले), किताब (पुस्तक) आणि मकतब (कार्यालय) हे शब्द होतात. अनेकवचन दोन प्रकारे होते: प्रत्यय लावून (सय्यारा–सय्यारात, मोटारी) किंवा शब्दाची अंतर्गत रचना बदलून (किताब–कुतुब). दुसरा प्रकार सर्वसाधारण मुलेही उशिरा शिकतात. त्यामुळे त्यातील चुका हे आपोआप स्वमग्नतेचे लक्षण ठरत नाही.

क्रियापदातच पुरुष व्यक्त होत असल्याने सर्वनाम बहुधा गाळले जाते. म्हणून सर्वनामांची अदलाबदल 'अक्तुबु' (मी लिहितो) ऐवजी 'तक्तुबु' (तू लिहितोस) अशा क्रियारूपातही दिसू शकते.

प्रमाण अरबीचा वापर

काही स्वमग्न मुले दैनंदिन बोलण्यात बोलीऐवजी प्रमाण अरबीतील शब्द व रूपे वापरतात. ट्युनिसियातील अशा मुलांविषयी मिखाईल किसीन व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण अरबी हे घरगुती संभाषणाचे माध्यम नसल्याने, प्रत्यक्ष संवादाशिवायही भाषा आत्मसात होऊ शकते का, हा प्रश्न त्यातून पुढे येतो. मुलांसाठीच्या अनेक व्यंगचित्रपटांची भाषा प्रमाण अरबी असते.

मूल्यमापन

केवळ प्रमाण अरबीत घेतलेल्या चाचणीत बोलीचे व्याकरण चांगले अवगत असलेले मूलही मागे पडलेले दिसू शकते. उलट, पाठ केलेली प्रमाण वाक्ये अस्खलित बोलणाऱ्या मुलाची अडचण झाकली जाऊ शकते. त्यामुळे दोन्ही भाषारूपांतील आकलन व स्वयंस्फूर्त वाक्यरचना तपासणे आवश्यक ठरते.